भरलेली कुर्ली आणि मानशीची पावणी

प्रश्न: आमच्या खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीवर, म्हणजे पाणी सोडायच्या दारावर, पूर्वी मोठाल्या कुर्ल्या (खेकडे) मिळायच्या. आता तळहाताएवढी मिळाली तरी नशीब. पोटाला अंडी लागलेली कुर्ली आम्ही कोणी घेत नाही, तरी असं का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: पोटाला अंडी लागलेली कुर्ली तुम्हाला मानशीवर दिसणार कुठून? अंडी घालायला ती समुद्रात उतरते. पिल्लं तिथे होतात आणि नखाएवढी झाली की खाडीत, खारफुटीच्या मुळांत येऊन राहतात. तुमच्या जाळ्यात सापडते ती जायला निघालेली, आतून लाल गाबोळीने भरलेली. बाजारात चढा भाव तिलाच. म्हापशाला मीही वर्षानुवर्षं 'भरलेली बघून दे गो' म्हणत तीच घेतली आहे, तेव्हा शहाणपण सांगायचा मला फारसा हक्क नाही.

१ जून ते ३१ जुलैची सरकारी मासेमारीबंदी यंत्राच्या होड्यांसाठी. मानशीचं दार मात्र ओहोटीला आपोआप उघडतं, तिथे बारीक आसाचं (भोकांचं) जाळं लावलं की खाजनातलं लहानमोठं सगळं आत. पावणीत, म्हणजे मानशीवर मासे धरायच्या हक्काच्या लिलावात, मोठी बोली लावलेला माणूस पैसे वसूल करणारच, तो पिल्लं कशाला सोडील? त्याला दोष देऊन उपयोग नाही. पावणीच्या कागदातच अटी घाला: जाळ्याचा आस मोठा हवा, आणि पावसाळ्याचे ठरावीक दिवस भरलेली मादी परत पाण्यात. बोली थोडी उतरेल, ते सभेत आधीच बोलून घ्या.

लहान-मोठी ओळखायला फूटपट्टी नको. कुर्ली उलटी करा. पोटाखालचा पडदा निमुळता, सुळक्यासारखा असेल तर नर. रुंद, गोल आणि काळपट असेल तर वयात आलेली मादी. मधलाच, फिकट त्रिकोण असेल तर ती अजून एकदाही व्यायलेली नाही, सोडून द्या.

नर मादीला पोटाशी धरून सापळ्यात आला, तर दोघांनाही सोडा. ती कात टाकायच्या बेतात असते, आणि मीलन कात टाकल्यावरच होतं. कवच बोटाने दबतं ती कुर्लीही नको. शिजवली की आत नुसतं पाणी, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला दारात. बाकी कारणं नाही पटली, तरी हे तुमच्या बोलीवाल्याला नक्की पटेल.