ऑफिसचं वायफाय आणि नव्या मालकाची घालमेल

भोसरीत शेड घेतलीत, माणसं ठेवलीत आणि लगेच यूट्यूब बंद कसं करायचं ते विचारताय. राउटरला डीएनएस फिल्टर, म्हणजे साइटचं नाव बघून ती अडवणारी चाळणी, लावला की होतं. पण पोरं मोबाइलचा डेटा चालू करतील आणि तुम्ही बसाल राउटरकडे बघत! त्यापेक्षा आधी नेट कशानं अडतंय ते पाहा. बऱ्याचदा विंडोज अपडेट नाहीतर सीसीटीव्हीचं क्लाउड बॅकअप सापडतं. मोबाइलसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवर वेगळं वायफाय, करा, त्याला वेगाची मर्यादा घाला. टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा, संगणक त्यापासून अलगच बरा, व्हायरसच्या दृष्टीनेही.

कोण काय पाहतो याची टेहळणी मात्र नको. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद असल्यामुळे, राउटरला फार तर साइटचं नाव कळतं, आतलं पान नाही. शिवाय माणसागणिक नोंदी ठेवल्यात की तो वैयक्तिक डेटा झाला, आणि त्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. नियम मराठीत लिहून नेमणूकपत्रासोबत द्या. जेवणाच्या सुट्टीत क्रिकेट बघू देत की! लेथवर उभ्या माणसाच्या हातात फोन दिसला तर मात्र अजिबात सवलत नाही, तिथे बोटं जातात. बाकी कुणाचं काम रेंगाळत असेल तर कामाबद्दलच बोला, तेही केबिनमध्ये बोलावून.