७५-३०० घेऊ का ५५-२५०?

प्रश्न: ताई नमस्कार, माझ्याकडे कॅनन २००डी आहे आणि त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. दर हिवाळ्यात भिगवणला पक्षी बघायला जातो आणि जुन्नरकडे मामाच्या गावी बैलगाडा शर्यतीचे फोटो काढतो, पण सगळं ठिपक्याएवढं येतं. बजेट २० हजार, ताणून २५. दुकानदार ७५-३०० घ्या म्हणतोय, मित्र म्हणतो थांब, पैसे साठव आणि १५०-६००च घे. काय करू?
— एक वाचक, बारामती

उत्तर: थांबू पण नका आणि ७५-३०० पण घेऊ नका. कॅननची ५५-२५० एसटीएम (म्हणजे फोकस करणारी मोटर नव्या पद्धतीची) बघा, सेकंड हॅन्ड घेतलीत तरी चालेल, पैसे उरतील ते भिगवणच्या बोटीला लावा. नुसत्या आकड्यावर जाऊ नका हो, तो मिलिमीटरचा असतो, जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. ३०० आणि २५० मधला फरक फोटोत फार जाणवत नाही, पण ७५-३०० ला आयएस म्हणजे हात हलला तर सावरून घेणारी सोयच नाही, फोकसची मोटर जुन्या पद्धतीची, आणि ३०० ला लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की फोटो मऊ, म्हणजे कमी रेखीव येतो. ५५-२५० ला आयएस आहे, वजन पावणेचारशे ग्रॅम, आणि २००डीचा सेन्सर लहान असल्यामुळे २५० ला फुलफ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या ४०० एवढी चौकट मिळते. फक्त नावात एसटीएम आहे ना ते स्वतः वाचा, कारण आधीच्या आयएस आणि आयएस टू पण ५५-२५० च आहेत.

मोटरचं एवढं का सांगतेय, तर माझी पहिली टेलिफोटो पण अशीच आकडा बघून घेतलेली. भिगवणला नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालत होता, सूर मारला, वर आला तेव्हा चोचीत चंदेरी मासळी, आणि माझी लेन्स घुर्र घुर्र करत फोकस शोधतेय. घरी येऊन बघते तर मागच्या लाटा एकदम कडक आणि पक्षी म्हणजे नुसता पांढरा पुसट डाग. रडू आलं होतं खरंच.

१५०-६०० चांगलीच आहे, सिग्माची घ्या नाहीतर टॅमरॉनची, पण ती तुमच्या बजेटच्या कितीतरी वर जाते, वजन दोन किलोच्या आसपास, हलत्या बोटीत हातात धरून खांदा भरून येतो. दोन हिवाळे सराव करा, मग ठरवा. आणि कोणी ५५-२५० ला टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) लावा म्हटलं तर सरळ नाही म्हणा, कॅननचा तर तो बसतच नाही.

भिगवणला कुंभारगावहून पहाटेची बोट धरा, ऊन पाठीवर ठेवा, नावाड्याला लांबूनच इंजिन बंद करून वल्ह्यावर घ्यायला सांगा. अंतर तोच कमी करतो, लेन्स नाही. पण उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून थवा उठवायला लावू नका, प्लीज. पट्टकदंब हे पाहुणे पक्षी हिमालय ओलांडून येतात, त्यांना खाऊ द्या, बसू द्या, उडायचं तेव्हा ते उडतीलच. तोवर शटर १/२००० सेकंदावर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो, फोकस एआय सर्वोवर (तो हलत्या पक्ष्याचा पाठलाग करतो) आणि मधला पॉइंट.

शर्यतीला उन्हामुळे ही लेन्स मस्त चालेल. घाटाच्या म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या कडेला कठड्यामागे सुरक्षित जागा धरा, बैलांपुढे धावणारी घोडी दिसली की बटण दाबून ठेवा, सेकंदाला ५ फोटो मिळतात. एखाद्या बारीला म्हणजे फेरीला शटर १/६० वर आणून कॅमेरा बैलांबरोबर फिरवा, दहातले नऊ वाया जातील, पण जो एक साधेल त्यात मागची गर्दी रेघांसारखी ओढली जाते आणि बैल उभेच्या उभे उठून दिसतात.

जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च मागून काचेत मारा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, सौदा सोडा. २५० वर लांबच्या विजेच्या तारेचे चार फोटो काढून तिथंच झूम करून बघा. आणि घरी आणलीत की पावसाळ्यात बॅगेत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.