भाजप स्वतःला रेवडीविरोधी (मतांसाठी फुकट वाटपाच्या विरोधात) म्हणवतो, मग महाराष्ट्रात त्यांचा खर्चाचा आणि उमेदवारांचा रेकॉर्ड तसा आहे का?

नाही, निदान २०२४ पासून तरी अजिबात नाही. जुलै २०२२ मध्ये मोदींनी रेवडी कल्चरवर टीका केली आणि दोन वर्षांत इथे भाजपच्याच महायुतीने लाडकी बहीण योजना आणली, महिलांना महिन्याला १५०० रुपये, वर्षाला तब्बल ४६ हजार कोटींची घोषणा, वर प्रचारात २१०० चं आश्वासन. निवडणूक झाली, पुढच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये तरतूद उतरून ३६ हजार कोटींवर आली आणि त्यात २१०० चा पत्ताच नव्हता. त्याच बजेटमध्ये महसुली तूट (रोजचा खर्च कमाईपेक्षा जास्त) ४५ हजार कोटींच्या वर, कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे (हे आकडे सरकारचेच आहेत, विरोधकांचे नाहीत).

उमेदवारांचं म्हणाल तर काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण बघा. मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या घोटाळा प्रकरणावरून भाजपने वर्षानुवर्षं रान उठवलं, फेब्रुवारी २०२४ मधल्या केंद्राच्या, यूपीए सरकारच्या कारभारावरच्या श्वेतपत्रिकेतसुद्धा आदर्श होतं, आणि काही दिवसांतच चव्हाण भाजपमध्ये येऊन थेट राज्यसभेवर! त्यांच्यावरचे आरोप कोर्टात सिद्ध झालेले नाहीत हे खरं, पण मग इतकी वर्षं आरडाओरडा कशाला केला?

फक्त डिबेटमध्ये "राज्य दिवाळखोरीत गेलं" असलं काही बोलू नका, लगेच पकडतील. २०२५-२६ च्या बजेटमध्ये राजकोषीय तूट (सरकारला कर्जाने भागवावी लागणारी एकूण तूट) राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपीच्या) ३ टक्क्यांच्या आतच होती. आणि रेवडीवरून बोललात तर उलट हेही ऐकवतील की महिलांना महिन्याला ३००० द्यायचं आश्वासन विरोधातल्या महाविकास आघाडीचं होतं.