अजागळ आणि बकरीचा गळा

प्रश्न असा आला, की ‘मी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसात गेलो तरी साहेब मला अजागळ म्हणाले, म्हणजे नेमकं काय म्हणाले?’

हे बघ राजा, अजागळ म्हणजे घाणेरडा नाही. आजकाल जिथं तिथं ऐकून राहिलो, अजागळ रस्ता, अजागळ संडास, परवा एका लग्नात तर अजागळ भाजी, डोकंच फिरते. अजागळ माणूस असतो. भैताड वेगळा, त्याला समजतच नाही, अजागळाला समजते सगळं पण हातून धड काही होत नाही, फाईल उचलली की चार कागद खाली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली.

आता शब्द पहा. अजा म्हणजे बकरी, गल म्हणजे गळा. काही बकऱ्यांच्या गळ्याखाली मांसाच्या दोन लोंबत्या असतात, बाजारात पाहिल्याच असतील, दिसायला थानासारख्या पण दूध थेंबभर नाही, चालताना नुसत्या हलतात. संस्कृतात त्या अजागलस्तन. सुभाषित आहे, धर्म अर्थ काम मोक्ष यातलं एकही ज्याच्यापाशी नाही ‘अजागलस्तनस्येव तस्य जन्म निरर्थकम्’. मागचा स्तन गळून पडला, अजागळ उरला. लोंबणारं, हलणारं, कामाचं नाही, किती नेमकं आहे हे!

आमच्याकडचे एक मास्तर मात्र सांगत फिरतात की अ अधिक जागल, म्हणजे शेतात रात्री जागलीला बसून झोपला आणि डुकरांनी चणा खाल्ला तो अजागळ. साफ चूक. मास्तर, आपल्या वऱ्हाडीत ळ चा य होतो, डोळ्याचा डोया, केळीची केयी, ल चा होत नाही. माझी आजी ‘अजागय’ म्हणायची. जागलीला कोणी जागयी म्हणते का? म्हणजे मूळ ळ चंच आहे, गळ्यातलं. एवढं कानानं ऐकू येते, तरी हट्ट काऊन?

आणि माझं तर ठाम मत आहे की गलथान हा याच शब्दाचा दुसरा तुकडा, गलस्तन, स्तनाचं थान, झालं गलथान. एकाच बकरीचे दोन शब्द, एकानं पुढचा भाग ठेवला, एकानं मागचा! मग गळथान का नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांना विचारतो, गलगंडात तरी ळ कुठं आहे? हिंदीत त्या लोंबत्यांना गलथना म्हणतात, अजून काय पाहिजे. फरक एवढाच की गलथान कारभारही असतो, अजागळ कारभार कानाला खटकते.

वणी, पांढरकवड्याकडं बकऱ्या राखणाऱ्यांपाशी या लोंबत्यांना वेगळं नाव असेल तर मला नक्की सांगा, दोन वर्षांपासून गोळा करून राहिलो.