‘आहे’ म्हणजे ‘इज’ नव्हे

इंग्रजीची सुरुवात करणाऱ्यांचे प्रश्न गावं बदलली तरी फारसे बदलत नाहीत. त्यातले काही पुन्हा एकदा, शक्यतो शेवटचे.

प्रश्न : नाव विचारताना ‘व्हॉट इज युअर गुड नेम?’ म्हणावं का?

‘गुड’ काढून टाका. तो हिंदीतल्या ‘शुभ नाम’चा शब्दशः तर्जुमा आहे. अदबीनं विचारायचं असेल तर ‘मे आय नो युअर नेम, प्लीज?’

प्रश्न : ‘डिड यू वेंट टू द मार्केट?’ यात काय चुकलं?

भूतकाळ दोनदा आला. ‘डिड’ने तो घेतला की क्रियापद मूळ रूपावर येतं : ‘डिड यू गो?’ नकारातही तसंच, ‘आय डिडन्ट गो.’

प्रश्न : ‘मला दोन भाऊ आहेत’ याचं मी ‘टू ब्रदर्स आर टू मी’ केलं, तर मुलगा हसला. क्लासमध्ये तर ‘आहे म्हणजे इज, आहेत म्हणजे आर’ असंच शिकवलं होतं.

मुलाला हसू द्या, चूक त्या सूत्राची आहे. हे सूत्र फळ्यावर लिहिणाऱ्यांनी जेवढं नुकसान केलं तेवढं अवघड स्पेलिंगांनीही केलं नसेल.

मराठीतलं ‘आहे’ हे एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं आहे, घरातली सगळी कामं तिच्याच गळ्यात. इंग्रजीत तीच कामं वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिलेली आहेत. ‘मी शिंपी आहे’, ‘चहा गरम आहे’ इथे कोण आणि कसा हे सांगायचंय, म्हणून ‘आय अ‍ॅम अ टेलर’, ‘द टी इज हॉट’. इथवर सूत्र चालतं. ‘फ्रिजमध्ये दूध आहे’ यात दूध असल्याची खबर आहे, तिथे ‘देअर इज सम मिल्क इन द फ्रिज’. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘त्याला ताप आहे’ या तिन्हींत कुणाचं तरी काहीतरी आहे. मराठी त्या माणसाला ‘मला, माझ्याकडे, त्याला’ असं बाजूला बसवते. इंग्रजीत त्याला उचलून कर्त्याच्या पाटावर बसवायचं आणि पुढे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ : ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव अ सायकल’, ‘ही हॅज अ फीव्हर’.

‘मला माहीत आहे’ म्हणजे नुसतं ‘आय नो’. ‘आय अ‍ॅम नोइंग’ नाही. ‘मला जायचं आहे’ यात तर आधी स्वतःलाच विचारावं लागतं की मन आहे की भाग आहे. मन असेल तर ‘आय वॉन्ट टू गो’, भाग असेल तर ‘आय हॅव टू गो’. मराठीत ते समोरच्याला संदर्भानं कळतं, इंग्रजीत तुम्ही ठरवायचं. ‘ती भाजी चिरत आहे’ याचं ‘शी इज चॉपिंग व्हेजिटेबल्स’, पण ‘ती आली आहे’ याचं ‘शी हॅज कम’.

उलटी चूकही पाहा. ‘मी पुण्यात राहतो’ यात ‘आहे’ नावालाही नाही, तरी तोंडातून ‘आय अ‍ॅम लिव्ह इन पुणे’ निघतं, कारण ‘आय’ आला की ‘अ‍ॅम’ येतो अशी जीभ बसलेली असते. ‘आय लिव्ह इन पुणे’, बस्स.

उपाय असा. वहीच्या पानावर रकाने आखा : कोण-कसा, अस्तित्व, जवळ असणं, जायचं-करायचं, चालू काम, झालेलं काम. दिवसभरात घरात बोललेली ‘आहे’ची दहा वाक्यं आठवून ज्याच्या त्याच्या रकान्यात टाका आणि मगच इंग्रजी करा. ‘माहीत आहे’सारखी कुठेच न बसणारी वाक्यं पानाच्या तळाशी. दोन आठवड्यांनी वही चांगल्या शिक्षकाला दाखवा. मोबाइलच्या भाषांतरावर तपासू नका. तुम्हाला जायचं मन आहे की भाग आहे, हे त्याला कुठून कळणार?

प्रश्न : रक्त तपासायला गेलो तेव्हा नर्सनं विचारलं, ‘यू हॅवन्ट ईटन एनीथिंग?’ मी ‘येस’ म्हटलं, तर ती परत पाठवायला लागली.

आपण ‘हो, नाही खाल्लं’ म्हणतो. तो ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतो. इंग्रजीत प्रश्न कसाही असो, खाल्लं असेल तर ‘येस, आय हॅव’, नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’. तुमच्या ‘येस’चा अर्थ तिनं ‘खाल्लंय’ असा घेतला. आणि दवाखान्यात सराव करू नका. औषधं, उपाशीपोटी तपासणी, अ‍ॅलर्जी हे सरळ मराठीत विचारा, मराठी कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवायला सांगा.

प्रश्न : सव्वा, पावणे, दीड, अडीच इंग्रजीत कसं सांगायचं?

सव्वापाच ‘क्वार्टर पास्ट फाइव्ह’, पावणेपाच ‘क्वार्टर टू फाइव्ह’. ‘क्वार्टर फाइव्ह’ असं अर्धवट सोडू नका. दीड वाजता ‘वन थर्टी’, पण दीड तास ‘अ‍ॅन अवर अँड अ हाफ’. अडीच किलो ‘टू अँड अ हाफ किलोज’. ब्रिटिश माणूस ‘हाफ फाइव्ह’ म्हणाला तर साडेपाच. गाडी किंवा मुलाखतीची वेळ असेल तर ‘फाइव्ह थर्टी?’ म्हणून खात्री करा.

प्रश्न : ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी, १००० वाक्ये पाठ’ असा क्लास आहे. एकरकमी १२,००० मागतात.

पाठ केलेली वाक्यं पाठ केलेल्या प्रश्नांनाच उत्तर देतात. दुकानदारानं दुसरंच विचारलं की संपलं. पैसे भरण्याआधी एक तास बसून पाहा. बॅच ४० जणांची असेल तर सर गप्प बसले तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीडच मिनिट येतं, आणि सर गप्प बसत नाहीत. हप्ते, पावती आणि मध्येच सोडल्यास किती परत, हे लेखी मागा. ‘नोकरीची हमी’ही लेखी द्या म्हणावं, मग चेहरा पाहा. तिथे शिकून गेलेल्या दोघा-तिघांशी बोलल्याशिवाय सही नको.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा आहे, सात-आठ शब्दच बोलतो. घरात मराठी आणि इंग्रजी मिसळल्यामुळे असेल, मराठी बंद करा असं शेजारी सांगतात. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात.

दोघांचंही ऐकू नका. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, आणि मराठी बंद केलीत तर त्याला रोज ऐकू येणारी बोली मात्र तोडाल. बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आसपास दोन शब्द जोडू लागतात. तीन वर्षांत सात-आठच शब्द म्हणजे वाट पाहण्याची वेळ गेली. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानांची तपासणी करून घ्या, मग वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जा. ‘हाक मारली की बघतो’ म्हणजे नीट ऐकू येतं असं नाही. ‘ए फॉर अ‍ॅपल’ सध्या राहू द्या.

प्रश्न : ‘रिटर्न बॅक’ बरोबर का?

‘रिटर्न’मध्ये ‘परत’ आलंच. ‘बॅक’ नको.