पीएचपीत मराठी नाव सबस्ट्रने (मजकूर म्हणजे स्ट्रिंग कापणारं फंक्शन) 20 वर कापलं की शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन का येतो?

येणारच. सबस्ट्र अक्षरं नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, तुम्ही कापताय 20 वर, मग शेवटचं चिन्ह अर्धवट राहतं. आणि चौकोन दिसतोय हे नशीब समजा, हीच तुटकी स्ट्रिंग जेसन-एन्कोडला (डेटा जेसन स्वरूपात बदलणारं फंक्शन) दिली असती तर त्याने सरळ फॉल्स दिलं असतं आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसला असता.

आता कोणीतरी सांगेल एमबी-सबस्ट्र लावा, ते बाइट नाही, कॅरेक्टर मोजतं, झालं काम. नाही होत. आमच्याकडे एका पतसंस्थेचं काम होतं, पावतीवर सभासदाचं नाव ठरलेल्या जागेत बसवायचं. टीम लीड म्हणाला एमबी लाव आणि विषय संपव. मी म्हटलं सर, एमबीला काना-मात्रा पण वेगळं कॅरेक्टर वाटतं, 'मराठी' टाकून बघा, बाइट मोजणारं एसटीआरलेन 15 देतं, एमबी 5, आणि आपण माणसं मोजतो 3. तर म्हणे मात्रेचं कोण बघतंय, लाइव्ह कर.

केलं लाइव्ह. गाढवे आडनावाचे एक रिटायर्ड मास्तर हप्ता भरायला आले आणि आमची मर्यादा बरोब्बर शेवटच्या मात्रेच्या अलीकडे संपली. मास्तरांनी चष्मा लावून पावती वाचली, परत वाचली, आणि जाऊन मॅनेजरच्या टेबलावर आपटली. मॅनेजरचा मला फोन, "अहो साहेब, तुमच्या कॉम्प्युटरने आमच्या सभासदाला लेखी गाढव म्हटलंय." यावर आमच्या लीडने काय केलं, तर 'डेटा इश्यू' लिहून तिकीट बंद केलं! म्हणजे चूक कोणाची, तर मास्तरांच्या आडनावाची. वर मलाच ऐकवलं की लोकांनी नावं इंग्रजीत भरावीत. का भरावीत? मास्तरांच्या पासबुकावर मराठीत आहे, सातबाऱ्यावर मराठीत आहे, तुझ्या एका फंक्शनसाठी त्यांनी स्पेलिंग शोधत बसायचं?

तर तुम्ही ग्राफीम-सबस्ट्र वापरा, पीएचपीला वरून जोडायच्या इंटल एक्स्टेंशनमध्ये आहे. ते काना-मात्रा अक्षराला चिकटवूनच मोजतं. शेअर्ड होस्टिंगवर इंटल नसेल तर प्रेग-मॅच-ऑल (पॅटर्नने शोधणारं फंक्शन) घ्या, पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स, म्हणजे एक आख्खं अक्षर, शेवटी यू मॉडिफायर, तुकडे पाडा आणि हवे तेवढे जोडा. आणि नुसतं वेबपेजवर दाखवायचं असेल तर पीएचपीत कापताच कशाला, सीएसएसचं टेक्स्ट-ओव्हरफ्लो एलिप्सिस आहे की. पावती, एसएमएस असल्या ठिकाणीच कापायची वेळ येते.

हां, जोडाक्षरांचं मात्र तपासून घ्या. हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकत्र धरायचा नियम युनिकोड या लिप्यांच्या मानकात 15.1 आवृत्तीला, म्हणजे 2023 साली आला, सर्व्हरवरची लायब्ररी त्याआधीची असेल तर 'ज्ञानेश्वर' कापताना 'ज्ञानेश्' असा पाय मोडलेला श शिल्लक राहू शकतो. तेव्हा कापल्यावर शेवटी हलन्त उरलाय का बघा, आणि उरला असेल तर ते आख्खं अक्षरच काढून टाका. एसएमएसची मर्यादा वेगळीच, मराठीत एका मेसेजला 70, आणि तिथे मात्रा सुटी मोजतात, त्यामुळे तिथे लांबी मोजायला एमबीच बरोबर. आमच्या लीडला हे सांगू नका.