अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी झाल्यावर पोस्टडॉक फेलोशिप (देखरेखीखालचं पुढचं प्रशिक्षण) करावीच लागते का? त्यात नवीन काय शिकायला मिळतं?

तुम्ही लिहिलंय की पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, न्यूरोसायकॉलॉजीकडे (मेंदूचे आजार आणि स्मृती, भाषा, वागणं यांचा संबंध तपासणारी शाखा) ओढा आहे आणि घरचे विचारतात, "डॉक्टर झाल्यावर आणखी दोन वर्षं कसली शिकणार?" माझ्या आईनेही नाशिकहून फोनवर मला हेच विचारलं होतं. मी न्यूरोसायकॉलॉजीची दोन वर्षांची फेलोशिप पुरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नियमाचं. सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं लायसन्स प्रत्येक राज्य आपापलं देतं. कॅलिफोर्नियात देखरेखीखाली केलेल्या कामाचे ३,००० तास लागतात आणि त्यातले किमान १,५०० पीएचडीनंतरचे असावे लागतात. वॉशिंग्टन राज्यात शिकतानाच पुरेसे तास झाले असतील तर पोस्टडॉकवाचूनही लायसन्स मिळू शकतं. २००६ साली एपीएने (अमेरिकेतली सायकॉलॉजिस्टांची संघटना) याबाबतचं धोरण बदललं, त्यानंतर अशी सवलत देणारी राज्यं वाढली. लायसन्ससाठीची ईपीपीपी परीक्षा मात्र द्यावीच लागते: २२५ प्रश्न, सव्वाचार तास. पण तुमच्यापुरता हा प्रश्न निकालात निघालाय. न्यूरोसायकॉलॉजीचं प्रशिक्षण कसं असावं हे १९९७ साली ह्यूस्टनला भरलेल्या परिषदेत ठरलं, आणि त्यात पीएचडीनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण धरलेलं आहे. पुढे न्यूरोसायकॉलॉजीतली तज्ज्ञ म्हणून बोर्डाचं प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर ही दोन वर्षं हवीतच.

आता शिकायला काय मिळतं ते. इंटर्नशिप (पीएचडीतच करायचं पूर्णवेळ कामाचं वर्ष) संपेपर्यंत मला वाटत होतं की पेशंटच्या चाचण्यांचा रिपोर्ट लिहिणं आपल्याला जमतं. फेलोशिपमधला माझा पहिला रिपोर्ट अकरा पानांचा होता. माझ्या सुपरव्हायझरने गुणांच्या तक्त्यावर कोरा कागद ठेवला आणि विचारलं, "या बाईंनी गाडी चालवावी का? त्यांचा नवरा बाहेर बसलाय. त्याला आज काय सांगशील?" मला उत्तर देता आलं नाही. अकरा पानांत ते कुठेच नव्हतं. तो रिपोर्ट मी चार वेळा लिहिला. शेवटी साडेतीन पानांवर आला, आणि ज्या डॉक्टरांनी पेशंट पाठवला होता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात आलं.

दुसरा प्रसंग दुसऱ्या वर्षातला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सोलापूरकडच्या एक आजी मुलाकडे आल्या होत्या. शाळा चौथीपर्यंत, आणि विसरायला होतं अशी मुलाची तक्रार. हॉस्पिटलकडे दुभाषी होता, पण हिंदीचा. म्हणून चाचणी मी मराठीत घेतली. चित्रं दाखवून नावं विचारायची एक चाचणी असते. त्यात आजींचे गुण इतके पडले की अमेरिकन तक्त्याशी ताडले असते तर त्यांची भाषाच गेली असं निघालं असतं. ती चित्रं कोणती हे मी इथे लिहिणार नाही, चाचण्यांची गुप्तता पाळावी लागते. पण त्यातल्या कितीतरी वस्तू त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मग सुपरव्हायझरशी बोलून मी विचारलं, "आजी, काळ्या मसाल्यात काय काय घालता?" धणे, जिरं, खोबरं, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, बाद्यान... एका दमात सतरा जिन्नस. म्हणजे शब्द शाबूत होते. पण त्याच तासाभरात "सूनबाई गाडी आणायला गेली का गं?" हे त्यांनी मला पाच वेळा विचारलं, आणि दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं. स्मृतीची अडचण खरी होती. 'चाचणी परकी आहे' एवढंच म्हणून मी हात झटकले असते तर तेही चुकलंच असतं.

निकाल सांगायच्या वेळी सुपरव्हायझर कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "तू वीस मिनिटं मुलाशी बोललीस. आजींकडे एकदाही पाहिलं नाहीस." अगदी खरं होतं ते. आपल्याकडे मुलालाच सांगायची रीत, ती माझ्या अंगात इतकी मुरलेली की मला कळलंही नव्हतं. पुढच्या भेटीत मी खुर्ची आजींसमोर घेतली.

शिकलेला माणूस खोलीत बसून आपलं काम पाहतोय, हे त्यानंतर आयुष्यात फारसं वाट्याला येत नाही. म्हणून फेलोशिप निवडताना हॉस्पिटलच्या नावाआधी सुपरव्हायझर पाहा. एपीपीआयसी या इंटर्नशिप-पोस्टडॉक केंद्रांच्या संघटनेच्या यादीतल्या कार्यक्रमांत आठवड्याला किमान दोन तास एकास एक सुपरव्हिजन बंधनकारक आहे, पण कागदावरचे दोन तास प्रत्यक्षात कसे जातात ते आत्ता तिथे असलेल्या फेलोला विचारा. ते तास रद्द होतात का? रिपोर्ट वाचतं कोण? आठवड्याला पेशंट किती? माझ्या वर्गातली एक मैत्रीण मोठ्या नावाच्या ठिकाणी गेली. तिथे रिपोर्टांचा ढीग उपसायला एक माणूस हवं होतं, आणि सुपरव्हिजन म्हणजे जाता-येता पंधरा मिनिटं. तिचे तास भरले, पण आपण नेमकं कुठे चुकतो हे तिला दोन वर्षांत कोणी सांगितलं नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

भारतात परतायचा विचार असेल तर अमेरिकेतलं लायसन्स इथे चालत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'ची व्याख्या आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी बांधलेली आहे, तेव्हा तिथली चौकशी आत्तापासून करा.

आणि व्हिसा. तुम्ही एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर हे नीट वाचा. इंटर्नशिप सीपीटीवर करतात, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीवर. पूर्णवेळ सीपीटीचे बारा महिने भरले की त्या पदवीवरचा ओपीटी (पदवीनंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी) हातचा जातो, आणि फेलोशिपचं पहिलं वर्ष त्या ओपीटीवरच काढायचं असतं. म्हणून आपली मुलं इंटर्नशिप ३६४ दिवसांची करून घेतात. मला हे एका सीनियर मुलीने वेळेत सांगितलं म्हणून मी वाचले. ओपीटी एकच वर्षाचा असल्यामुळे दुसऱ्या वर्षाचा व्हिसा कोण करणार, हे मुलाखतीतच विचारा, त्यात संकोच नको. व्हीएच्या (माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांच्या) जागा यादीतून आधीच वगळा. तिथे प्रशिक्षणार्थीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात इंटर्नशिपच्या आधीच्या सत्रातच जाऊन या, आणि सीपीटीच्या तारखा त्यांच्याकडून लेखी घ्या.